स्टेज डेअरिंग

मार्चअखेर आली की बँका हिशेब मिटवतात, शाळा प्रगतिपुस्तकं काढतात आणि माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, ते नाटकाचं शिबिर यंदा आहे ना?" आहे म्हटलं की नाटक कोणतं, बसवणार कोण, तालमी कुठं, यातलं काही विचारायच्या आधी समोरचा माणूस एक खुलासा करून टाकतो. "नाही, म्हणजे आमच्या मुलानं पुढं नट वगैरे व्हावं असं आमचं काही नाही." हे इतक्या घाईघाईनं सांगितलं जातं की, त्या मुलाला मुंबईच्या गाडीत बसवायला मी पिशवी भरूनच ठेवली आहे की काय, असं मलाच वाटायला लागतं. मग मुद्दा येतो. "फक्त जरा स्टेज डेअरिंग यायला पाहिजे."

सांगलीत मी पोरांचा एक नाट्यगट चालवते. बारा-तेरापासून अठरा-एकोणीसपर्यंतची पोरं-पोरी. वर्षभर शनिवार-रविवार संध्याकाळी भेटायचं, मे महिन्यात शिबिर, शिबिराच्या शेवटी एक नाटक, आणि पावसाळ्यात जमलं तर एखादी स्पर्धा. बरीच वर्षं हे चाललंय. पण आपल्या दुकानात हा माल मिळत नाही, असं मी आजवर एकाही पालकाला सांगितलेलं नाही. उलट जी मुलं डेअरिंग घरूनच घेऊन येतात, त्यांचं थोडं उतरवण्यात माझा अर्धा मे जातो.

पालकांचं चुकत नाही. उद्या कॉलेजात प्रेझेंटेशन असतं, परवा इंटरव्ह्यू असतो, तिथं पोरगं त-त प-प करू नये एवढंच त्यांना हवं असतं. काही आयांना मुलाच्या हातातला मोबाइल दोन तास सुटावा म्हणून शिबिर हवं असतं आणि त्या ते मोकळेपणानं सांगतात. सगळ्यांत लाघवी असतात ते आजोबा. नातवाला सोडायला येतात आणि तालीम संपेपर्यंत जात नाहीत. एकदा असेच एक आजोबा मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आमच्या बँकेनं 'एकच प्याला' केलं होतं, त्यात मी सिंधू होतो." मी त्यांच्या मिशांकडं पाहिलं. "तेव्हा नव्हत्या," ते म्हणाले.

सांगलीत नाटकाचा गट चालवण्यात एक मोठी अडचण आहे. इथं नाटकातलं कळत नाही असा माणूसच सापडत नाही. गाव स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं. देवल इथल्याच हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे, आणि दर 5 नोव्हेंबरला विष्णुदास भाव्यांच्या नावाचं गौरवपदक घ्यायला मराठी रंगभूमीवरचं एखादं मोठं माणूस इथं येतं. त्यामुळं माझ्या तालमीच्या दारातून जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबतो, आत बघतो आणि काहीतरी सुचवून जातो. दूधवाल्यानंसुद्धा एकदा 'पॉज घ्या' म्हणून सांगितलं होतं. बरोबर सांगितलं होतं.

पण आमचे खरे परीक्षक म्हणजे मामा. तालमी एका शाळेच्या हॉलमध्ये होतात आणि हॉलची किल्ली मामांकडं. ते शाळेचे शिपाई. आम्ही संपवल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं ते फाटकापाशी स्टूल टाकून आमची नाटकं ऐकत आले आहेत. पाहिली एकही नाहीत, ऐकली सगळी आहेत. हॉल ते फाटक हे अंतर साधारण एका नाट्यगृहाएवढंच आहे, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं. तेव्हापासून 'आवाज शेवटच्या रांगेपर्यंत टाका' असं सांगणं मी सोडून दिलं. तालीम संपली की मामा किल्ली फिरवता फिरवता निकाल देतात. "त्या उंच पोराचं वाक्य निम्मंच येतंय. शेवट गिळतंय ते." गिळतंय ते बऱ्याचदा भडंगाबरोबर असतं. तालमीला खायला काय, या प्रश्नाला सांगलीत दुसरं उत्तर नाही; आणि भडंगाचा तोबरा भरून 'पितृछत्र' हा शब्द उच्चारता येत नाही, एवढं व्हॉइस कल्चर आमची पोरं पहिल्याच दिवशी शिकतात.

शिबिराचा पहिला दिवस मला सर्वांत आवडतो. गोल करून बसायचं, नाव सांगायचं आणि नावाबरोबर एक हालचाल करायची, बाकीच्यांनी ती तशीच करून दाखवायची. डेअरिंगवाले इथंच ओळखू येतात. त्यांची हालचाल कमरेतून वाकून नमस्कार, एक गिरकी आणि शेवटी हात हवेत, अशी असते. न-डेअरिंगवाले कान खाजवतात. आणि गंमत म्हणजे सगळ्यांनी मिळून करून पाहिलं की गिरकी कुणाच्या लक्षात राहत नाही, कान खाजवणारा मात्र शिबिरभर कानावरूनच ओळखला जातो.

गेल्या काही वर्षांत एक नवा नमुना यायला लागला आहे. मी त्याला मनातल्या मनात रीलवाला म्हणते. गेल्या वर्षीच्या रीलवाल्याला मी एक साधी गोष्ट करायला सांगितली: दारातून आत ये, घरात कुणी नाही हे तुझ्या लक्षात येतंय, एवढंच. तो आला. थेट मधोमध उभा राहिला. समोर दीड हातावर हवेत कुठंतरी नजर लावली, डावी भुवई उडवली, ओठ मुडपले, आश्चर्य केलं, दुःख केलं, थोडं हसून घेतलं. चेहरा खरोखर तयार होता. पण कमरेच्या खाली कुणीच नव्हतं. पाय नुसते आणून ठेवले होते. मोबाइलच्या चौकटीत पाय येत नाहीत, त्यामुळं या पिढीनं पायांना अभिनयातून रजा देऊन टाकली आहे. आमच्या लहानपणी उलटं होतं. चेहरा दगडी, पण पाय असे लटपटायचे की प्रेक्षकांना करुणरस तिथूनच मिळायचा.

यावर माझा एक उपाय आहे. दोन पोरांनी एक चादर आडवी धरायची, खालची कड गुडघ्यापाशी. बाकीच्यांनी एकेक करून चादरीमागं जायचं आणि फक्त पायांनी सांगायचं. बस चुकली. बाबा अचानक घरी आले. निकाल लागला. रीलवाला चादरीमागं गेला आणि त्याच्या पायांना काही म्हणजे काहीच सुचेना. वर भुवया चालू असणार, हे आम्हाला न दिसताही कळत होतं. त्याच्यानंतर एक मुलगी गेली. नववीतली. नाव सांगतानाही जिचं नाव ऐकू आलं नव्हतं, तीच. तिच्या वडिलांनी प्रवेश घेताना मला सांगितलं होतं, "ही बोलतच नाही. पाहुणे आले की आत पळते. डेअरिंग म्हणून नाही." तिला निकाल आला होता. बराच वेळ दोन्ही पाय शेजारी शेजारी शांत उभे राहिले. मग उजव्या पायाचा अंगठा हळूच उचलला, डाव्या पायाच्या अंगठ्यावर चढला आणि त्याला दाबून बसला. कुणीतरी मागून म्हणालं, "नापास."

नापास नाही, दोन मार्कांनी पहिला नंबर गेलाय, असं तिनं नंतर माझ्या कानात सांगितलं. म्हणजे बघा.

पुण्या-मुंबईहून अधूनमधून तज्ज्ञ मंडळी शिबिरात एखादा दिवस शिकवायला येतात. त्यांच्याकडं नव्या नव्या खेळांची पोतडी असते आणि पोरांना ते फार आवडतात. आरशासमोर उभं राहिल्यासारखं एकमेकांची हालचाल उचलायची, निरर्थक भाषेत भांडायचं, ऐनवेळी मिळालेल्या प्रसंगावर मनानंच बोलायचं. या शेवटच्याला इम्प्रोव्हायझेशन म्हणतात आणि हे फार आधुनिक आहे, असं पोरांना वाटतं. मग मला गावचा इतिहास काढावा लागतो. 1842 साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करून गेली. ते पाहून राजेसाहेब चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांना वाटलं, असं काही आपल्याकडंही व्हावं, आणि त्यांनी ते काम आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांवर सोपवलं. पुढच्याच वर्षी, 1843 मध्ये, 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. यात भाव्यांनी लिहिली ती पदं. ती सूत्रधारानं म्हणायची. पात्रांची भाषणं कागदावर नव्हतीच! पदातला प्रसंग समजून घ्यायचा आणि ज्यानं त्यानं आपापलं बोलायचं. म्हणजे ज्याच्यासाठी आम्ही पाहुण्यांना जाण्यायेण्याचं भाडं देतो, ते या गावात वेळ निभावायला पावणेदोनशे वर्षांपूर्वीच करून झालेलं आहे.

पोरांना हे ऐकून अभिमान वगैरे वाटत नाही. त्यांना एकच गोष्ट आवडते. त्या काळच्या नाटकांत राक्षस 'अलललल डुर्रर्र' असं ओरडत यायचे. हे सांगण्याचा प्रमाद घडला की पुढचे चार दिवस हॉलमध्ये दुसरं काही होत नाही. मी तो व्यायाम म्हणूनच चालवून घेते. घसा न फोडता पोटातून ओरडायचं कसं, हे राक्षसाइतकं चांगलं कुणी शिकवत नाही. मामांचं मत प्रतिकूल आहे. "ताई, शेजारची लोकं विचाराल्यात," एवढंच ते म्हणतात.

शिबिराचा दुसरा आठवडा नाटक निवडण्यात जातो आणि इथं माझी खरी तक्रार आहे. लहान मुलांसाठी मराठीत दांडगं काम झालेलं आहे. सुधा करमरकरांनी 1959 साली 'लिटल थिएटर' काढून मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं, पुढं मतकरींनी स्वतः चेटकिणींना आणि राक्षसांना घरोघरी पोचवलं. तेंडुलकरांसारख्या माणसानं 'चिमणा बांधतो बंगला' लिहिलं. मोठ्यांसाठी 1954 पासून राज्य नाट्य स्पर्धा आहे. कॉलेजवाल्यांसाठी पुण्यात 1963 पासून पुरुषोत्तम करंडक आहे आणि त्याच्यासाठी पोरं परीक्षा सोडतील, तालीम सोडणार नाहीत. पण आवाज फुटलेल्या, ओठांवर रेघ उमटलेल्या, आरशासमोरून हलत नाही आणि फोटोला उभा राहत नाही अशा त्या मधल्या वयाचं काय? त्याला ससा करून चालत नाही आणि हॅम्लेट झेपत नाही.

ग्रिप्स त्यातल्या त्यात जवळ येतं. मोहन आगाशे यांनी 1986 मध्ये बर्लिनचं ते नाटक आपल्याकडं आणलं, पऱ्या आणि राजपुत्र बाजूला ठेवून घरातले, गल्लीतले विषय घेतले आणि लहान मुलांची कामं मोठ्या माणसांनी केली. मी ते पोरांवर करून पाहिलं. पंचेचाळिशीचा नट आठ वर्षांचा होतो तेव्हा खरा वाटतो. पंधरा वर्षांचा मुलगा मात्र आठ वर्षांचा व्हायला तयार नसतो. तो नुकताच तिथून सुटलेला असतो. बोबडं बोलतो आणि मिशीवरून हात फिरवतो.

शेवटी मी मतकरींचाच दुसरा धडा घेतला. उतारवयात त्यांनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला, तिथं वस्तीतली मुलं आपल्या भोवतीचे विषय घेऊन आपली नाटकं आपणच उभी करतात. म्हटलं, आपल्याही पोरांना लिहू दे. पोरांनी लिहिलं. पहिल्या खेपेला जेवढी कथानकं आली त्या सगळ्यांत शेवटी कुणीतरी मरत होतं, लाल प्रकाश येत होता आणि उरलेले सगळे हातात हात घालून प्रेक्षकांना जाब विचारत होते. स्पर्धांमधल्या एकांकिका पाहून पाहून पोरांची अशी ठाम समजूत झाली आहे की, अंधार झाला नाही तर आशय पोचत नाही. मी विचारलं, यातलं तुम्ही स्वतः काय पाहिलंय? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, "पूर."

आणि मग थांबेचनात. 2019 च्या ऑगस्टात यातली बरीच पोरं अगदी लहान होती, पण सगळ्यांना सगळं आठवत होतं. आमच्याकडं पावसाळ्यात घड्याळाच्या आधी आयर्विन पुलावरची पातळी विचारतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. त्या वर्षी पाणी 57 च्याही वर गेलं. पण पोरांच्या आठवणीत फूट नव्हते. एकाच्या आजीनं गॅसच्या शेगडीआधी लोणच्याची बरणी माळ्यावर चढवायला लावली होती. एकीच्या गच्चीवर शेजाऱ्यांची म्हैस होती आणि ती रात्रभर तिच्या खोलीच्या खिडकीतून आत बघत होती. आणि मगर! कृष्णेत मगरी आहेतच. पुरात त्या कुठं कुठं निघाल्या, याच्या कथा प्रत्येक घरात वेगळ्या. नाटक ठरलं. एक आजी, एक बरणी, वर चढणारं पाणी. पाणी म्हणजे सगळा मॉब. एकमेकांना चिकटून जमिनीलगत बसलेली पोरं हळूहळू उठत जाणार आणि पुलावरची पातळी ओरडणार, एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. सगळ्यांना काम मिळालं. युवा नाट्यगटात यापेक्षा मोठी दिग्दर्शकीय कल्पना नसते. चांगलं नाटक म्हणजे ज्यात पालकांची संख्या जास्तीत जास्त मावते ते.

मगरीचं काम रीलवाल्यानं मागून घेतलं. मला वाटलं, एन्ट्रीला टाळी मिळेल म्हणून मागतोय. पण मगरीला भुवया नसतात. संवाद नाहीत, उभं राहणं नाही, चेहरा जमिनीकडं. उरतात ते फक्त हात, पाय आणि पोट. पहिले दोन दिवस तो सतरंजीवर नुसता आडवा झालेला मुलगा दिसत होता. तिसऱ्या दिवसापासून घरी जाईना. आयर्विनखाली जाऊन काठावर बसून यायला लागला. मगरीचा एक पाय आधी सरकतो, मग बराच वेळ काही होत नाही, मग दुसरा, हे त्यानं स्वतः शोधून काढलं. त्याच्या आईचा फोन आला. "मॅडम, तो घरात सरपटतो."

मुख्य काम, आजीला घराबाहेर काढायला आलेल्या नातवाचं, एका वक्तृत्वपटूकडं गेलं. हा डेअरिंगचा कळस. त्याच्या घरात कपाटभर ढाली आहेत. बालदिनापासून शिवजयंतीपर्यंत तो कोणत्याही विषयावर सात मिनिटं बोलतो आणि सातव्या मिनिटाला घंटा व्हायच्या आत मुठी आवळून संपवतो. अडचण एकच, तो आजीशी बोलत असला तरी भाषण गावाला उद्देशून असतं. "आजी," असं म्हणून तो प्रेक्षकांकडं वळायचा. आजी झालेल्या मुलीनं एकदा वैतागून विचारलं, "अरे, मी इथं आहे."

आणि ती न बोलणारी? ती म्हणाली, मी पुस्तक धरते. म्हणजे प्रॉम्प्टिंग. आठवड्याभरात तिला सगळ्यांची सगळी वाक्यं पाठ झाली, मग ती हातात वही नुसती धरायची म्हणून धरायची. तालमीत कुणी अडखळलं की हळूच वाक्य यायचं. नुसते शब्द नाहीत, ते कसं म्हणायचं तेही आवाजात असायचं. मी ते ऐकून घेत होते आणि गप्प बसत होते. तिला ओढून समोर आणावं असं मला वाटलं नाही. तिथं तिला बरं चाललं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकते. आपल्याकडं नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. आमची संहिता पाठवायची म्हणजे आधी ती असायला पाहिजे. पोरांनी उभ्या उभ्या रचलेलं नाटक कागदावर उतरवताना माझ्या नाकी नऊ आले. 'मगर येते. थांबते. जाते.' हे टाइप करताना डीटीपीवाल्यानं दोनदा विचारलं, पुढं काही राहिलंय का. भाव्यांना हा ताप नव्हता. राजेसाहेब स्वतः समोर बसले होते. बाकी लेव्हल्स मांडववाल्याकडून, नऊवारी सिंधूवाल्या आजोबांच्या घरून (आजींची, तशी खात्री करून घेतली), बरणी माझी.

प्रयोगाच्या दिवशी मी पोरांना एकच सांगते, भीती वाटली पाहिजे. हे ऐकून काही पालक दचकतात. पण नीट बघा, दुसऱ्या घंटेनंतर विंगेत काय होतं ते. सराईत नटसुद्धा खाली वाकून रंगमंचाला हात लावतो आणि मग तो हात छातीला लावतो. पडदा उघडण्याआधी 'रंगदेवतेला आणि रसिक प्रेक्षकांना विनम्र अभिवादन' करण्याची आपली पद्धत डेअरिंगवाल्यांनी काढलेली नव्हे. अंधारात बसलेली एवढी माणसं आपल्यासाठी आली आहेत, ती उठून जाऊ शकतात, आणि आपल्याला पुढचं वाक्य कदाचित आठवणार नाही, हे ज्याला कळतं तोच खरा तयारीचा. ज्याला काहीच वाटत नाही तो मला धोक्याच्या पातळीवर वाटतो.

प्रयोग सुरू झाला. पाणी छान चढत होतं. प्रेक्षागृहात मोबाइलचे चौकोन उजळले होते आणि आपापला थेंब कुठं आहे, ते पालक शोधत होते. पाण्यातल्या एका थेंबानं आजीला ओळखून हात केला, आजीनंही केला. ही खरी आजी, तिसऱ्या रांगेतली. वक्तृत्वपटू आत आला, टाळी घेतली, आजीपाशी गेला आणि गेला तो गेलाच. वाक्य गेलं. सात मिनिटांचा माणूस, त्याला सात शब्द आठवेनात.

विंगेतून आवाज आला, "आजी, पाणी पायरीला लागलंय."

तो नुसता उभा. पुन्हा आवाज आला, जरा काकुळतीचा. "आजी, ऐक की. पाणी पायरीला लागलंय." ऐक की हे संहितेत नव्हतं.

आजी झालेली मुलगी पक्की सांगलीची. तिनं नातवाकडं पाहिलंच नाही. विंगेकडं तोंड करून म्हणाली, "लागू दे की. आधी बरणी वर ने." नाट्यगृहात हशा उसळला. मग पुढचा सगळा प्रवेश आजी आणि तो विंगेतला आवाज यांच्यात झाला. आवाज समजावत होता, रागावत होता, एकदा रडवेला झाला, आजी बरणी सोडायला तयार नव्हती. आणि नातू मध्ये उभा राहून एकदा आजीकडं, एकदा विंगेकडं बघत होता. आजवर त्या मुलाला मी दुसऱ्याचं बोलणं ऐकताना कधी पाहिलं नव्हतं. फार सुंदर ऐकत होता. मागून मगर आली. एक पाय. थांबली. दुसरा पाय. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी आपले पाय वर घेतले.

हेच नाटक पुढं एका स्पर्धेत केलं, तेव्हा पोरांनी तो प्रवेश तसाच ठेवायचा हट्ट धरला. निकालाच्या वेळी एक परीक्षक म्हणाले, "मनातला आवाज मंचाबाहेर ठेवण्याची कल्पना अभिनव होती. नातवाचं मौन बोलकं होतं." बोलक्या मौनाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. वक्तृत्वपटूनं ते घेतलं आणि थेट विंगेत नेऊन दिलं. तिनं ते परत दिलं, आणि बराच वेळ ते दोघांच्या मध्ये असंच येत-जात राहिलं. आता ते मामांच्या टेबलावर आहे, पेनं ठेवायला.

शिबिराच्या प्रयोगानंतर तिचे वडील मला भेटले होते. मुलीला शोधत होते. "मॅडम, नाटक झकास झालं. पण आमची कुठं होती?"

"विंगेत होती."

"असं होय." ते जरा हिरमुसले. "म्हणजे डेअरिंग अजून..."

"तो आवाज तिचाच होता," मी म्हटलं.

ते माझ्याकडं बघत राहिले. ज्या पोरीचा आवाज घरात ऐकू येत नाही, तिचाच आवाज आपण मागच्या रांगेत बसून अर्धा तास ऐकला आणि ओळखला नाही, हे त्यांच्या पचनी पडायला वेळ लागत होता. मग म्हणाले, "आमच्या आईसारखं बोलत होती हो."

यंदाही ती पुस्तकच धरणार आहे. मी विचारलं होतं, काम करतेस का? तिनं अंगठ्यावर अंगठा चढवला. विषय संपला.

आमच्या गटातून नट किती झाले, असं लोक विचारतात. एक झाला. बाकी एकजण एसटीत कंडक्टर आहे, गाडीतल्या शेवटच्या बाकड्यापर्यंत त्याचं तिकीट ऐकू जातं. एकजण मांडवाच्या धंद्यात आहे, लेव्हल्स तोच देतो आणि भाडं कमी लावतो. एकीचं दातांचं क्लिनिक आहे. जो नट झाला, तो मुंबईला मालिकेत आहे. घरात मोठी भांडणं चालू असतात तेव्हा मागं ट्रे घेऊन उभा राहणाऱ्या नोकराचं काम त्याच्याकडं आहे. संवाद सहसा नसतो. रोज साडेआठला मी ती मालिका लावते आणि घरातले बातम्या लाव म्हणून ओरडतात. सासू कुणाचं मंगळसूत्र तोडते, सून कुणाच्या मुलाची आई निघते, मला काही सांगता येणार नाही. माझी नजर ट्रेवर असते. परवा सासूनं जी किंकाळी फोडली, त्याला समोरच्या पाचही जणांनी भुवया उडवल्या. याच्या ट्रेमधले कप तेवढे एकदा वाजले. अगदी बारीक.

मी त्याला तसा मेसेज केला. तो म्हणाला, "ताई, साउंडवाल्यानं कापायला सांगितलं होतं, मी भांडून ठेवून घेतलं."